गटाचा माल फोनवरून कसा विकावा: गोव्यातल्या सामाजिक उद्योगांसाठी सोशल मीडिया

गोव्यातल्या कुठल्याही स्वयंसाहाय्य गटाचं फेसबुक पेज उघडून पाहा. समई पेटवताना पाहुणे, शाल-श्रीफळ, प्रदर्शनातल्या स्टॉलपुढे रांगेत उभ्या बायका, मध्येच एखाद्या सणाच्या शुभेच्छा, आणि मग कित्येक महिने काहीच नाही. गट काय बनवतो, पाकीट केवढ्याचं, मागवायचं कुठे, हे मात्र शोधूनही सापडत नाही. असं पेज गटातल्या लोकांसाठी असतं, गिऱ्हाइकासाठी नसतं.

सामाजिक उद्योगाची गंमत अशी की त्याच्याकडे सांगायला दोन गोष्टी असतात: माल आणि त्यामागचं काम. बहुतेक जण काम आधी सांगतात आणि माल राहून जातो. हा क्रम उलटा करायला हवा. माणूस पहिल्यांदा कोकम घेतो ते कोकम चांगलं दिसलं म्हणून. ते करणाऱ्या दहा बायकांचं घर त्यावर चालतं हे कळल्यावर तो दुसऱ्यांदा घेतो आणि चार जणांना सांगतो. पुढचं सगळं या क्रमाला धरून आहे. उदाहरणासाठी सत्तरीतला एक गट धरू: दहा बायका, सोलां (कोकमाची वाळवलेली सालं), आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पापड, चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या). तुमचं काम कुणबी विणकामाचं, मातीच्या भांड्यांचं किंवा कचरा वर्गीकरणाचं असलं तरी रीत तीच.

आधी गिऱ्हाईक ठरवा

गोव्यात आपल्यासारख्यांचं गिऱ्हाईक ढोबळमानाने तीन प्रकारचं. पहिलं इथलंच: चतुर्थीचा फराळ, पुरुमेंत म्हणजे पावसाआधीची साठवण, घरातलं लग्नकार्य. हे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आहे आणि त्याचा विश्वास ओळखीवर चालतो. दुसरं मुंबई-पुण्यात किंवा परदेशात राहणारं गोंयकार कुटुंब. त्याला घरची चव हवी असते आणि ते अजून फेसबुकवर बऱ्यापैकी सापडतं. तिसरा पर्यटक आणि त्याला सांभाळणारे होमस्टे, कॅफे. तो इन्स्टाग्राम बघतो, आणि त्याला इंग्रजी किंवा हिंदी लागते.

तिघांनाही एकदम धरायला जाऊ नका. दहा बायकांच्या गटाला पहिलं वर्ष इथल्याच गिऱ्हाइकावर काढता येतं. पार्सलचा खर्च नाही, बाटली फुटण्याची भीती नाही, आणि तक्रार असली तर माणूस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात समोर येऊन सांगतो. तेव्हा सुरुवात व्हॉट्सॲपपासून. इन्स्टाग्राम ही दर्शनी काच आहे, गल्ला व्हॉट्सॲपवर आहे.

खातं कोणाच्या हातात

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात. गटाचं पेज अध्यक्षबाईंचा मुलगा स्वतःच्या खात्यावरून काढून देतो, दोन वर्षांनी नोकरीला पुण्याला जातो, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. मग नवं पेज, पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि जुन्या पेजवर बंद पडलेला नंबर तसाच लटकत राहतो.

म्हणून गटाच्या कामासाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि एक ईमेल पत्ता गटाच्या नावाने काढा. फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम याच पत्त्याला जोडा. पेजवर पूर्ण अधिकार असलेली किमान दोन माणसं हवीत, त्यातली एक गटाची सभासद. पासवर्ड गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत नको. कपाटात बंद लिफाफ्यात ठेवा. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्हीकडे टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी) चालू करा. नाव सगळीकडे एकच ठेवा आणि ते लहान ठेवा. ‘श्री अमुकतमुक महिला स्वयंसाहाय्य गट, वॉर्ड क्रमांक ३’ हे बँकेच्या पासबुकावर ठीक. शोधणाऱ्याला ते कधीच टाइप करता येणार नाही.

व्हॉट्सॲप बिझनेस नीट लावा

साधं व्हॉट्सॲप नको, व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप उतरवून घ्या. ते फुकट आहे. गटाच्या सिमवर ते सुरू केलं की प्रोफाइलमध्ये गाव, तालुका, कामाची वेळ आणि एका ओळीत काय मिळतं ते लिहा. प्रोफाइलचा फोटो मालाचा ठेवा, देवाचा किंवा सगळ्या गटाचा नको. एवढ्याशा गोलात दहा चेहरे ओळखू येत नाहीत.

नंतर कॅटलॉग, म्हणजे ॲपमधली मालाची यादी. प्रत्येक वस्तूचा एक फोटो, नाव, वजन, किंमत. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं लिहू नका. दर लपवला की गिऱ्हाइकाला वाटतं माणूस बघून भाव सांगणार. आत्ता जे तयार आहे तेवढंच दाखवा. संपलेली वस्तू लपवून ठेवायची सोय कॅटलॉगमध्येच आहे.

क्विक रिप्लाय ही सगळ्यात उपयोगाची सोय. रोज तेच चार प्रश्न येतात: भाव काय, मिळेल कुठे, पणजीत पोचवणार का, पैसे कसे द्यायचे. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून साठवली की तिरकी रेघ (/) टाइप केल्यावर ती समोर येतात. एक नमुना:

‘नमस्कार. सोलां पाव किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या पाकिटात आहेत, दर कॅटलॉगमध्ये दिलेत. वाळपईत आमच्याकडून नेता येतील. फोंडा आणि पणजीत शनिवारी आणून देतो. किती पाकिटं ठेवू?’

शेवटचा प्रश्न विसरू नका. ‘धन्यवाद, पुन्हा भेट द्या’वर संपलेल्या उत्तराला गिऱ्हाईक अंगठ्याचं चिन्ह टाकतं आणि विसरून जातं, प्रश्न आला की आकडा कळवतं.

प्रत्येक चॅटला लावायची लेबलं मराठीत करा: नवी ऑर्डर, पैसे आले, माल गेला, तक्रार. एकच ॲप आणखी चार उपकरणांवर जोडता येतं, तेव्हा उत्तर द्यायची पाळी दोघींत वाटून घेता येते. सकाळची एक, संध्याकाळची दुसरी. उत्तर संध्याकाळपर्यंत गेलंच पाहिजे एवढा एकच नियम पाळला तरी अर्धं काम झालं. रात्रीसाठी अवे मेसेज, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, लावा.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण मावतात, पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच संदेश पोचतो. म्हणून पाकिटावर नंबराखाली ‘हा नंबर साठवून ठेवा’ असं छापा, आणि माल देताना तोंडानेही सांगा. गावच्या, देवस्थानच्या, शाळेच्या ग्रुपवर जाहिरात टाकायची तर आधी ॲडमिनला विचारा. तिथे रोज टाकाल तर तुमचं नाव ‘गुड मॉर्निंग’वाल्यांच्या पंगतीत जाऊन बसेल. माझ्या मते अशा ग्रुपवर सणाआधी एकदा आणि माल ताजा आला की एकदा, एवढंच पुरे. बाकी रोजचं स्टेटसवर. ते २४ तास राहतं आणि बघायची जबरदस्ती कोणावर नसते.

व्हिडिओ: सोलांचंच उदाहरण

एप्रिल-मे महिन्यात अंगणात जे चाललेलं असतं ते शहरातल्या माणसाने पाहिलेलं नसतं. आपल्याला ते रोजचं, म्हणून आपण त्याचा व्हिडिओ काढत नाही, पाकिटाचा काढतो. चूक इथेच होते.

फोन उभा धरा. पदराने लेन्स पुसा. कामातल्या फोनवर तेलाचं बोट लागलेलं असतंच. उजेड सकाळी नऊच्या आधीचा किंवा ऊन कलल्यावरचा. भर दुपारी भिणां (कोकमाची फळं) काळपट दिसतात आणि स्टीलचं ताट डोळ्यांत खुपतं. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद करा.

आता सलग घेत बसू नका. चार-पाच सेकंदांचे तुकडे घ्या. पहिला तुकडा: पिकलेलं लालभडक भिण फोडताना फक्त हात, अगदी जवळून, रस बोटांवरून ओघळतोय. सुरुवात यानेच, पहिल्या दोन-तीन सेकंदांत डोळा अडकला नाही तर बोट पुढे सरकतं. दुसरा: गर-बिया काढून वेगळी झालेली सालं. तिसरा: मीठ घातलेल्या रसात सालं बुडवून काढताना. चौथा: चटईवर उन्हात पसरलेली सालं. पाचवा, हा काही दिवसांनी घ्यायचा: रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवल्यावर तीच सालं जांभळट काळी, मऊ झालेली. शेवटचा: पाकीट, त्यावरचं वजन, किंमत, नंबर वाचता येईल इतका वेळ स्थिर.

आवाज गटातल्याच बाईचा. कागदावर लिहून वाचायला लावलं की तोंड कोरडं पडतं; त्यापेक्षा कॅमेऱ्यामागून विचारा, ‘काकी, किती वेळा बुडवता हो?’ आणि तिला सांगू द्या. मग पडद्यावर तेच शब्द मजकुरात द्या, कारण बरेच लोक बसमध्ये, ऑफिसात आवाज बंद ठेवून बघतात. सिनेमाचं गाणं लावायचा मोह आवरा. इन्स्टाग्रामवर बिझनेस खात्याला बरीचशी गाणी वापरता येत नाहीत, आणि हक्काची तक्रार आली की व्हिडिओचा आवाज जातो. साल फाटल्याचा आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा चांगला लागतो.

हे सगळं तीस सेकंदांत बसतं. तोच व्हिडिओ व्हॉट्सॲप स्टेटसला, इन्स्टाग्राम रीलला, फेसबुकला आणि यूट्यूब शॉर्ट्सला चालतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत नेटवर्क रडतं. अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणी गेल्यावर मेटा बिझनेस सूटमधून (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीचं ॲप) आठवड्याच्या पोस्ट एकदम शेड्यूल करून यावं. आठवड्याला दोन चांगल्या पोस्ट भरपूर झाल्या. रोज एक टाकायचा संकल्प पंधरा दिवसांत मोडतो.

मजकूर कसा लिहावा

हे बघा:

‘आमच्या गरीब, गरजू भगिनींनी मोठ्या कष्टाने बनवलेली सोलां घेऊन त्यांच्या संसाराला हातभार लावा.’

आणि हे:

‘यंदाची सोलां तयार. रसात पाच वेळा बुडवून वाळवली आहेत, वरून रंग नाही. सोलकढीला चार-पाच पुरतात. पाव किलोचं पाकीट, वाळपईत किंवा शनिवारी फोंड्यात. मागवायला खालच्या नंबरवर “सोलां” एवढंच लिहून पाठवा.’

पहिल्यात बायका दीनवाण्या होतात आणि सोलांबद्दल काहीच कळत नाही. दयेने घेतलेला माल माणूस एकदाच घेतो. शिवाय त्याच पोस्टखाली गटातल्या बाईच्या मुलीच्या वर्गमैत्रिणी कमेंट करतात, हे ध्यानात असू द्या. दुसरा मजकूर बायकांना कारागीर म्हणून उभं करतो. मात्र ‘पाच वेळा’ तेव्हाच लिहा जेव्हा खरंच पाच वेळा बुडवता.

कामाची गोष्ट सांगायची ती आकड्याने, आणि महिन्यातून एकदा. ‘सक्षमीकरण’ हा शब्द न वापरता: या मोसमात किती किलो भिणां कोणाकडून कुठल्या दराने घेतली, मजुरी किती वाटली, वाळवणी यंत्रासाठी किती शिल्लक टाकले. गटाच्या वहीत हे असतंच, तिथूनच उचला. गिऱ्हाइकाने दिलेल्या शंभर रुपयांतले किती बायकांच्या हातात गेले हे ज्याला छातीठोक सांगता येतं, त्याला वेगळी जाहिरात लागत नाही.

भाषेचा वाद गोव्यात नवा नाही. पोस्टखाली तो पेटू देऊ नका. तुमचं गिऱ्हाईक डिचोली-पेडणे-सत्तरी-फोंड्याकडचं असेल तर मराठी मजकूर, बोलणं घरचं कोंकणी, हे मिश्रण सहज चालतं. सासष्टीकडे रोमी लिपीतली (इंग्रजी अक्षरांतल्या कोंकणीची) एक ओळ जास्त कामाची. पर्यटकासाठी खाली दोन ओळी इंग्रजी. गूगलवरून केलेलं भाषांतर डकवू नका. बोलून टाइप करायची सोय फोनच्या कीबोर्डवर आहे, तिचा उपयोग करा. ज्यांना लिहायचा कंटाळा त्यांच्यासाठी ती वरदान आहे.

फोटोत चेहरा येणार असेल तर त्या बाईला विचारा, आणि कुठे कुठे टाकणार ते दाखवून विचारा. घरी सासऱ्यांना चालत नाही म्हणाली तर हातांचा फोटो घ्या, विषय संपला. तुमचं काम निराधार किंवा पीडित मुलांमध्ये असेल तर त्यांचा चेहरा, नाव, शाळा काहीही टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ खाली तो गुन्हा आहे.

मोसम बघून

वर्षाचा आराखडा कागदावर काढा, गोव्यात तो निसर्गानेच आखून दिला आहे. मार्च ते मे काजू, भिणां, आंबा, वाळवणं. या दिवसांत व्हिडिओ साठवून ठेवा, पावसात ते पुरवून वापरता येतात. मेच्या मध्यापासून पुरुमेंताची विक्री. पावसात पापड वाळत नाहीत, पाकिटं ओलावा धरतात, तेव्हा नव्या ऑर्डरी मर्यादेत घ्या आणि रानभाज्यांच्या, शेतीच्या पोस्टनी ओळख टिकवा. चतुर्थी हा मोठा हंगाम: तीन आठवडे आधी ऑर्डर उघडा, आणि दहा बायका किती नेवऱ्या करू शकतात तो आकडा आधी ठरवा. तो भरला की लगेच ‘ऑर्डर बंद’ लिहा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी नेवऱ्या न पोचलेलं घर पुढची दहा वर्षं ती गोष्ट सांगतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जत्रा आणि पर्यटक. तेव्हा इन्स्टाग्रामवर जोर द्या, आणि तुमचा माल वापरणाऱ्या होमस्टेला किंवा कॅफेला कोलॅब पोस्टचं आमंत्रण पाठवा. एकच पोस्ट दोघांच्या खात्यावर दिसते. इन्फ्लुएन्सरला माल फुकट दिलात तर त्याने तसं लिहायला हवं. जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासूनचा नियम आहे.

नाव आणि लेबल

खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी नंबर पाकिटावर हवाच, आणि तो कॅटलॉगच्या फोटोत दिसू द्या. वजन, किंमत, तारीख, पत्ता हेही. आयुर्वेदिक गुणांचा पाऊस पाडू नका. ‘आगळ प्यायल्याने पित्त कायमचं जातं’ असं लिहिणं कायद्यातही बसत नाही.

भौगोलिक मानांकनाबद्दल (जीआय टॅग) इथे बराच गोंधळ दिसतो. फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळालं; २०२३ मध्ये मानकुराद आंबा, गोव्याचे काजू, बेबिंका यांना. काणकोणच्या खोला मिरचीलाही आहे. पण मानांकन असलेलं नाव आणि चिन्ह वापरायला त्या नावाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करावी लागते. बाजारातून आणलेली लाल मिरची कुटून ‘खोला’ म्हणून रील टाकलीत, तर काणकोणचे शेतकरीच कमेंटमध्ये येऊन विचारतील.

पैसे देऊन जाहिरात

पहिल्या मोसमात नको. आधी बघा कोणती पोस्ट आपल्या पायांनी चालते. तिच्यावरच मग थोडे पैसे लावा. पोस्टखालचं ‘बूस्ट’ हे जाहिरातीचं बटण नुसतं दाबण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर मेसेज आणणारी जाहिरात निवडा. ठिकाण म्हणून सगळा भारत ठेवू नका, जिथे माल पोचवता तेवढीच शहरं ठेवा. रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो तो हिशेबात धरा. नदी, खाण, जंगल अशा विषयावर काम करत असाल तर लक्षात घ्या: सामाजिक प्रश्नांवरच्या जाहिरातीला मेटा ओळखपडताळणी आणि ‘पैसे कोणी दिले’ हा उल्लेख मागतं. त्याशिवाय जाहिरात अडते.

परदेशातून आलेले पैसे

पोस्ट परदेशातल्या गोंयकारांपर्यंत पोचली की कोणीतरी विचारतंच: ‘मला थोडे पैसे पाठवायचे आहेत, कुठे पाठवू?’ इथे घाईने खाते क्रमांक देऊ नका. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने परदेशी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशीयांना मिळतं ते) असलं तरी. त्याची देणगी घ्यायला एफसीआरए २०१० या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. त्याने माल विकत घेतला, बिल झालं, तर ती देणगी नव्हे. आपल्याकडे प्रत्येक वाड्यावर अशी दोन-चार कुटुंबं असतात, म्हणून हे गटातल्या सगळ्यांना माहीत हवं. ‘करसवलत मिळेल’ हे आयकर खात्याची तशी मान्यता (१९६१ च्या कायद्यात ८०जी) असल्याशिवाय लिहू नका.

फसवणुकीचं गणितही ठरलेलं आहे. ‘लष्करी अधिकारी’ मोठी ऑर्डर देतो, भाव करत नाही, आणि पैसे पाठवायला म्हणून क्यूआर कोड पाठवतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. स्क्रीनशॉटवर विश्वास नको, खात्यात जमा झालेलं बघूनच पार्सल बांधा. ‘तुमचं पेज बंद होणार, या लिंकवर क्लिक करा’ असा मेटाच्या नावाने आलेला मेसेजही त्याच जातीचा. पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

वही

लाइक मोजू नका. एक साधी वही घाला: तारीख, नाव, काय घेतलं, किती रुपयांचं, कुठून कळलं, पहिल्यांदा की पुन्हा. ‘कुठून कळलं?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारायचाच. क्विक रिप्लायमध्येच घालून ठेवा. मोसम संपला की गटाच्या बैठकीत ही वही उघडा. ‘पुन्हा’ लिहिलेल्या ओळी वाढताहेत का ते आधी बघा, मग कुठल्या माध्यमातून किती आले ते. दोन मोसमांत जिथून एकही ऑर्डर आली नाही तिथे वेळ घालवणं थांबवा. खातं मात्र पुसू नका, नाहीतर तेच नाव दुसरा कोणीतरी घेईल. वर एक पोस्ट पिन करा, ‘ऑर्डरसाठी व्हॉट्सॲप करा’, आणि खाली गटाचा नंबर.